सगळ्यात मागे राहण्याची शर्यत

आमच्या घरच्या ओव्हनमध्ये केकपेक्षा लोखंडच जास्त भाजलं गेलंय. लोखंडी कडी तापली की जराशी फुगते आणि मग दांड्यावर चपखल चढते, म्हणून माझा नवरा डेन्झिल वाटेल तेव्हा स्वयंपाकघरात यायचा, माझे केशराचे पाव बाहेर काढून ठेवायचा आणि आत कड्या सरकवायचा. वर मलाच विचारायचा, "पोरी, हे किती वेळ ठेवू गं?" मी म्हणायचे, "सोनेरी होईपर्यंत." तो बिचारा खरंच वाकून बघत बसायचा.

हे सगळं केझायापायी. केझाया म्हणजे आमचं वाफेचं इंजिन. रुळांवरचं नव्हे हं. रस्त्यावरून, शेतातून चालणारं, मळणीच्या जमान्यातलं, मागची चाकं डेन्झिलच्या टोपीपर्यंत येतील एवढी. लग्न नवं असताना हा माणूस बॉडमिनकडच्या एका शेतातल्या काटेरी झुडपांतून ते ओढत घेऊन आला. धुराड्यातून झाड उगवलेलं आणि भट्टीत घुबडीण अंड्यांवर बसलेली. मी म्हटलं, "हे काय आणलंस?" तर म्हणे, "थोडी डागडुजी केली की झालं!" आमचा मुलगा रांगत होता तेव्हा ही थोडी डागडुजी सुरू झाली, आणि संपली तेव्हा पोराला मिसरूड फुटलं होतं.

पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तिच्या धुराड्यातून धूर निघाला आणि ती आपल्या पायांनी शेडबाहेर आली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून टाळ्या पिटल्या. शेजारी म्हणाले, मॉर्वेनालाही लागण झाली. झालीच होती.

असलं इंजिन चालवायला दोन माणसं लागतात. एक ड्रायव्हर. आग, पाणी, वाफ, पुढे जाणं, थांबणं सगळं त्याच्याकडे. दुसरा चाकावरचा. त्यानं फक्त वळवायचं. तेही सोपं नाही, चाक गरागरा फिरवत राहावं तेव्हा कुठे साखळी ताणली जाते आणि पुढची चाकं मेहेरबानी केल्यासारखी जराशी वळतात. डेन्झिल ड्रायव्हर, मी चाकावर. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही इतके भांडलो की शेवटी करार केला. वळणाबद्दल त्यानं बोलायचं नाही, पाण्याबद्दल मी बोलायचं नाही. लोक चर्चमध्ये शपथा घेतात त्यांपेक्षा हा करार आम्ही जास्त पाळला.

आता पाण्याचं सांगायला हवं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते ड्रायव्हरच्या समोर एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. भट्टीच्या छतावर पाणी कायम हवं. ते छत उघडं पडलं की त्यात बसवलेलं शिशाचं बूच वितळतं, वाफ भसकन भट्टीत घुसते आणि आग विझते. माणूस बहुतेक वेळा वाचतो, अब्रू मात्र वाचत नाही. आमच्या लोकांत तुम्ही बायको सोडा, दारू धरा, लोक विसरतील. बूच वितळवलंत की तुमच्या नातवंडांना त्यावरून ओळखतील. जागो ट्रिगिअरचं बूच एकदा असंच गेलं, भर मैदानात. त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण डेन्झिलनं इंजिनवाल्यांचा एक मेळावा सोडला नाही. जागो दिसला की हा लांबून हाक मारणार, "काय रे जागो, घसा कोरडा पडलाय का?" आणि सगळे खो खो हसणार. जागोही हसायचा, पण मान लाल व्हायची त्याची.

आणि या डेन्झिलला, मंडळी, गेल्या हिवाळ्यापासून दिसेनासं झालं.

आधी मला वाटलं, विसरभोळेपणा. मग एका रविवारी चॅपलच्या दारात त्यानं खुंटीवरच्या ओव्हरकोटाला वाकून नमस्कार केला, "कसे आहात पाद्रीबाबा?" कोट काही बोलला नाही, तर हा घरी येईपर्यंत फणफणत होता की नवीन पाद्री फार शिष्ट आहे. मग रंगकाम आलं. केझायाच्या हिरव्या अंगावर लाल बारीक रेघ तो दर वर्षी स्वतः ओढतो, श्वास रोखून, एका दमात. या वेळी ती रेघ दारू पिऊन घरी चालल्यासारखी गेली होती. तो कोळसा आणायला रेडरुथला गेला तेव्हा मी ती पुसून पुन्हा ओढली. परत आल्यावर त्यानं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हात अजून शाबूत आहे बघ माझा." लाल रंग लागलेली बोटं मी एप्रनमध्ये लपवली.

मी त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "साधं काम आहे," त्या म्हणाल्या, "लगेच करून टाका." लगेचची तारीख नेमकी मेळाव्याच्या आठवड्यातली निघाली आणि यानं माझ्या पाठीमागे फोन करून ती रद्द केली.

"अरे, वेड लागलंय का तुला?" मी विचारलं.

"मेळावा झाला की करू."

"आणि मेळाव्यात इंजिन कोण चालवणार? तुला काच दिसते का?"

"दिसते."

"पाणी दिसतं?"

"काठोकाठ दिसतं," तो म्हणाला. "आणि हे बघ मॉर्वेना, मेळाव्याच्या कमिटीला यातलं एक अक्षर कळता कामा नये. ते मला खाली उतरवतील. मग मी काय करू? बाकावर बसून आइस्क्रीम चाटत केझायाला दुसरा कुणी चालवतोय ते बघू?"

त्याचा आवाज असा काही झाला की मी वाद सोडला. माणूस हट्टी असला तर भांडता येतं, घाबरलेला असला तर काय करायचं? मला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. काच पूर्ण भरलेली असली काय आणि पूर्ण रिकामी असली काय, दिसते सारखीच. मधली रेघ दिसली तरच पाणी कळतं. चांगल्या डोळ्यांची माणसं यात फसलेली आहेत. आणि याला सगळंच काठोकाठ दिसत होतं.

मेळाव्याच्या दिवशी ऊन मस्त पडलेलं. डेन्झिलनं रिवाजाप्रमाणे कोळशाचं फावडं धुऊन भट्टीत धरलं आणि त्यावर न्याहारी करायला घेतली. बेकन बरोबर पडलं. पहिलं अंडं फावड्यावर पडलं, दुसरं सरळ निखाऱ्यांत.

"हे अंडं रिकामंच होतं," तो म्हणाला.

"हो रे बाबा," मी म्हटलं, "हल्ली कोंबड्या फार लबाड झाल्यात."

दुपारी सावकाश शर्यत. ही आमची सगळ्यात लाडकी शर्यत. सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पण चाक क्षणभरही थांबलं तर बाद. दहा-दहा टनांची धुडं मुंगीच्या चालीनं चाललेली, ड्रायव्हर वाफेचा दांडा केसभर उघडतायत, केसभर मिटतायत, आणि हजारभर माणसं श्वास रोखून बघतायत की कोण कमी पुढे गेलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, ही सगळी खुळी आहेत. ते काही खोटं नाही.

डेन्झिल या शर्यतीत सलग चार मेळावे जिंकलेला. यंदा खालच्या मैदानात चिखल झाला म्हणून कमिटीनं शर्यत वरच्या शेतात, उतारावर ठेवली. तोंड खाली करून उतरायचं, तेही सावकाश. कमिटीचा मुख्य आणि माइकवर बडबड करणारा माणूस एकच, पेट्रॉक अँगविन, निवृत्त गुरांचा डॉक्टर. तो ओरडला, "उतार आहे, मंडळी! केझायाचा नंबर मागचा, म्हणजे पहिला!"

शेजारच्या पट्ट्यात जागो होता. टोपी उचलून मला म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्याला डुलकी लागली तर सांगा, मी शिट्टी वाजवतो."

"तू तुझं बूच सांभाळ," डेन्झिलनं लगेच सुनावलं. सगळे हसले.

निघालो. इंजिनाचं तोंड उताराकडे झुकलं की आतलं पाणी पुढे धावतं आणि मागे, म्हणजे नेमकं भट्टीच्या छतावर, कमी होतं. शहाणा ड्रायव्हर म्हणून उतरायच्या आधी थोडं पाणी जास्त घेतो. मी वाकून काचेकडे बघितलं. करार मोडला म्हणा हवं तर. रेघ अगदी तळाशी होती, खालच्या पितळी कडीला टेकलेली. बघता बघता तीही गेली.

"डेन्झिल," मी हळूच म्हटलं, "पाणी."

"काठोकाठ आहे."

"रिकामी आहे रे काच!"

"भरलेली आहे. अजून पाणी घातलं तर ती धुराड्यातून पाणी थुंकायला लागेल. तू चाक बघ."

जागो पलीकडून कान टवकारून ऐकत होता. पेट्रॉक माइक घेऊन दोरीपाशी उभा. मी मोठ्यानं ओरडले असते, "याला दिसत नाहीये, थांबवा!" तर संपलं होतं. त्या सगळ्या लोकांसमोर, त्या जागोसमोर, बायकोनं त्याला खाली उतरवलं असतं. गप्प बसले असते तर काही मिनिटांत बूच गेलं असतं आणि उकळती वाफ आमच्या पायाशी आली असती. पाण्याचा पंप त्याच्या बाजूला, मध्ये त्याचं पोट. हात पोचेना. काचेचा तळ भट्टीच्या छतापेक्षा दोन बोटं वर असतो, तेवढाच काय तो अवकाश होता.

माझ्या हातात काय होतं? चाक. आग नाही, पाणी नाही, थांबवणं नाही. फक्त वळवणं. मग मी वळवलं.

गरागरा फिरवत सुटले. खांदे निखळायची वेळ आली. तोंड खाली असलं की पाणी पुढे जातं ना? मग तोंड वर केलं की मागे येईल, छतावर! केझायाची पुढची चाकं कुरकुरत वळली आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, गोगलगायीच्या गतीनं, शर्यतीतून आडवी निघाली.

"अगं, काय करतेयस?" डेन्झिल किंचाळला.

"वळवतेय. वळणाबद्दल तू बोलायचं नाहीस!"

"बाईसाहेब, शर्यत खाली आहे!"

"असू दे!"

त्यानं दांडा मिटला असता तर आम्ही तिथेच थांबलो असतो. पण थांबला तो बाद! तो नियम त्याच्या हाडीमाशी इतका खिळलेला, की शिव्या देत देत त्यानं चढासाठी वाफ वाढवली. जन्मात मला त्याच्या हट्टीपणाचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

आम्ही जागोच्या नाकासमोरून गेलो. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. पेट्रॉक माइकवर म्हणाला, "केझाया... केझाया चहाला चालली वाटतं." कारण वर, बरोब्बर आमच्या समोर, चॅपलच्या बायकांचा चहाचा तंबू होता. त्यांना आम्ही येताना एवढा वेळ दिसत होतो, की त्यांनी आधी स्कोन पावांची ताटं उचलली, मग जामच्या बरण्या, मग क्रीमचं भांडं, मग टेबलं, आणि शेवटी एका आजींना खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं. आजी कपातला चहा पीतच होत्या. आम्ही दोरी तोडली, ती हारासारखी पुढच्या चाकात अडकली, आणि तंबूच्या खुंट्यांना चाटून आम्ही पार वर, कुंपणापाशी पोचलो. तोंड आभाळाकडे.

मी काचेकडे बघितलं. पाणी परत आलं होतं. तळापासून चांगलं बोटभर वर, हलत होतं.

"थांबव आता," मी म्हटलं.

त्यानं थांबवलं. रागानं लालबुंद झालेला. काचेखालची छोटी तोटी होती, तिच्याकडे मी बोट दाखवलं. ती उघडली की काच स्वच्छ होते आणि पुन्हा भरते, म्हणजे पाणी खरं किती ते कळतं. डोळे नसले तरी कान सांगतात, पाणी सुटतंय की नुसती वाफ. त्यानं तोटी उघडली, मिटली आणि वाकला. नाक काचेला लागेपर्यंत वाकला. मग बोटानं काचेवर खालून वर चाचपडत गेला, जिथे अखेर पाण्याची रेघ हलताना दिसली तिथे थांबला, आणि ते बोट किती खाली आहे ते त्याला कळलं.

एवढ्या चढावर तोंड वर करूनही पाणी इतकंच होतं. उतारावर किती असेल, हे त्याला सांगायला नको होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पंप सुरू केला.

तोवर माणसं धावत आली. पेट्रॉक माइकसकट, मागे जागो, मागे स्कोन हातात धरलेल्या बायका.

"मॉर्वेना, काय झालं?" पेट्रॉकनं विचारलं.

माझं उत्तर तयार होतं. "गांधीलमाशी," मी म्हटलं. "ब्लाउजमध्ये शिरली. मी बिथरले. चूक माझी."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बायकांच्या हाती चाक दिलं की असंच." मी तेही गिळलं. डेन्झिलची अब्रू शाबूत होती, बूच शाबूत होतं, मला काय, लोक वर्षभर गांधीलमाशीवरून चिडवतील, चिडवू देत.

"गांधीलमाशी नव्हती," डेन्झिल म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं तो काढून घेतला आणि खाली वाकून पेट्रॉकच्या हातातला माइक घेतला. म्हणजे घ्यायला गेला आणि आधी पेट्रॉकचं नाकच धरलं, मग माइक.

"माझ्या काचेत पाणी नव्हतं," तो म्हणाला. साऱ्या शेतावर ऐकू गेलं. "मला ते दिसलं नाही. हिवाळ्यापासून दिसत नाहीये. हिनं सांगितलं, मी ऐकलं नाही. हिनं तोंड वर वळवलं नसतं तर माझं बूच गेलं असतं. आणि जागो..." तो अंदाजानं जागोच्या दिशेला वळला. "जागो, मी तुला इतकी वर्षं जे बोललो ते बोलायला नको होतं."

सगळ्यांच्या माना जागोकडे वळल्या. मला वाटलं, आता जागो सगळा सूड उगवणार. मी मनात चार शिव्या तयारही ठेवल्या.

जागो पुढे आला, चाकावर हात टेकून उभा राहिला. "मोतीबिंदू?"

"दोन्ही डोळ्यांत."

"माझे गेल्या वर्षी काढले. काही नाही रे, दुखत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि बायको स्पष्ट दिसली, तेवढाच काय तो त्रास." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मला असं वेळेवर वळवणारं कुणी नव्हतं त्या दिवशी, गड्या. म्हणून गेलं माझं."

डेन्झिलनं त्याचा हात शोधला आणि धरला. सोडायला दोघेही तयार नव्हते, शेवटी मीच म्हटलं, "आता लग्न करताय की काय!"

शेवटी सगळ्या इंजिनांची मिरवणूक निघते, मैदानाला एक फेरी, शिट्ट्या वाजवत. पेट्रॉक डोकं खाजवत म्हणाला, "नियमानं मी तुला उतरवायला पाहिजे, डेन्झिल. पण काच वाचणारा माणूस शेजारी असेल आणि तू त्याचं ऐकणार असशील, तर ही एक फेरी जा. सपाटीवरून. नंतर मात्र डोळे करून आल्याशिवाय चढायचं नाहीस."

"ऐकेन," डेन्झिल म्हणाला.

निघालो. मी चाक धरलं आणि तोंड मिटून घेतलं. हो, मीही काही कमी नाही. म्हटलं, ऐकणार म्हणतोस ना, मग विचार. एवढी वर्षं तू मला पाण्याबद्दल एक शब्द बोलू दिला नाहीस, आता विचारल्याशिवाय मी सांगणार नाही. बाजूला माणसांची भिंत, सगळे आमच्याकडेच बघतायत. पुढे जागोचं इंजिन. डेन्झिल घसा खाकरत होता. एकदा खाकरला, दोनदा खाकरला.

"किती आहे?" तो पुटपुटला.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. किती दिसले असेन त्याला, देव जाणे. एक धुकं, वर टोपी. मग त्यानं छाती भरून घेतली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडला, "मॉर्वेना, पाणी किती आहे गं?"

मी काचेकडे बघितलं आणि मला काही दिसेना. माझेच डोळे भरून आले होते. काच कुठे, रेघ कुठे, सगळं एक झालेलं. लोक थांबलेले, तो थांबलेला, केझाया आपली चाललेली.

"अगं सांग ना!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात भीती होती. "मला खरंच माहीत नाहीये."

मी तेलकट बाहीनं डोळे पुसले, नीट वाकून बघितलं.

"अर्धी काच," मी म्हटलं. "थोडं घे."

त्यानं घेतलं.